सुमंगला नावाच्या दोघी

पेडणे, ९ जानेवारी २०२३

सकाळी धुके इतके दाट होते की पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंपू ऐकू आला, पोदेर दिसला नाही. जनेलातून हात बाहेर काढला आणि त्यात दोन ऊन उंडे येऊन पडले. वहिनी म्हणाली, "देवान दिले समज आनी खा." दिवसभर तसेच वाटत राहिले, न दिसणारे कोणी काही हातात देऊन गेल्यासारखे.

आणि खरेच दिले. ग्राहक मंचाच्या खोलीत आज हळर्णची एक बाई आली. तिशी ओलांडलेली, सडपातळ, बोलताना दाराकडे बघणारी. नाव सुमंगला. केरीच्या किनाऱ्यावर नवे रिसॉर्ट झाले आहे, तिथे तिला काउंटरवर नोकरी मिळत होती. मुलाखत झाली, गणवेशाचे माप घेतले, आणि मग मुंबईहून तिचा पत अहवाल आला. त्यात तिच्या नावावर थकलेले कर्ज. नोकरी गेली.

"बाई, मी आजपर्यंत बँकेची पायरी चढूक नाय. माका कर्ज दिल्यान कोणी? माका ती नोकरी होयी. थंय रवाक खोली दितत."

"खोली कशाला? हळर्णहून बस आहे की."

"बसी चुकतत," ती म्हणाली.

ती गेल्यावर मी खोलीत येरझारा घालत राहिले. माणसाची अब्रू पूर्वी गावाच्या तोंडात असे. गाव निदान समोर बसलेले असे, त्याला उलट बोलता येई. आता ती दूरच्या एका थंडगार खोलीत, यंत्राच्या पोटात ठेवलेली असते. आपल्याला न विचारता ती गोळा केली जाते, आपल्याला न दाखवता विकली जाते, आणि चुकीची असली तर आपणच सिद्ध करायचे की चूक आपली नाही. सर्वोच्च न्यायालय म्हणते, खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. हळर्णच्या बाईला तो कोणी नेऊन द्यायचा?

पंधरा मार्चला ग्राहक दिनाची सभा आहे. गेली काही वर्षे मी वजनमापांवर आणि मुदत संपलेल्या औषधांवर बोलते आहे. लोक मान डोलावतात आणि मग डुलकी घेतात. यंदा कोणी झोपणार नाही.

वहिनीला सांगितले. प्रभावती वहिनी, माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "विमल, तुजा भाशण आयकान म्हशी दूद आटयतत. पण ती बायल दाराकडे कित्याक पळयताली?"

धुके होते म्हणून असेल, मी म्हटले.


१३ जानेवारी

सुमंगलाकडून सगळी हकीगत काढली. ऐकताना मला एखाद्या जुन्या ग्रीक नाटकात शिरल्यासारखे वाटले.

ती मूळची बांद्याकडची, माहेरचे नाव आनंदी. कृष्णनाथची ती दुसरी बायको. पहिली बायको केरीला समुद्रावर गेली होती. खडकावर चपला सापडल्या, बाई सापडली नाही. "दर्यान व्हेली" असे घरचे सांगतात. वर्षभरातच आनंदी त्या घरात आली. तांदळाच्या ताटात अंगठीने नाव लिहायची वेळ आली तेव्हा सासूने कृष्णनाथचा हात धरला आणि पहिलीचेच नाव लिहायला लावले. घराला त्या नावाची सवय झाली आहे, म्हणाली. तशी पहिलीही सुमंगला, दुसरीही सुमंगला, आधार कार्डावरसुद्धा.

गळ्यात काळ्या दोऱ्यात चांदीचा लहानसा टाक आहे, त्यावर बाईची आकृती. सवतीचा टाक. दुसरी आली की पहिलीला असे गळ्यात घ्यायचे, म्हणजे ती रागावत नाही. सुमंगला बोलताना तो दोन बोटांत धरते, लहान मूल आईचा पदर धरते तसा.

"तुला भीती नाही वाटत तिची?"

"नाय ओ. सगळ्यात जास्त मी तिच्याशीच बोलतंय."

मला उलगडा झाला. एक नाव, एक नवरा, एक घर. यंत्राने दोघींना एक केले! घराने जे हौसेने केले तेच यंत्राने हिशेबाने केले. आता फक्त तो अहवाल हातात यायला हवा.


१९ जानेवारी

अहवाल आला. सुमंगलाच्या फोनवर आकडे आले, ते माझ्या संगणकात घातले, आणि दोन मिनिटांत एका बाईचे सगळे आयुष्य छापून बाहेर पडले. इतके सोपे! मला वाटले होते दार तरी ठोठवावे लागेल.

कर्ज शिलाई मशीनसाठी घेतलेले. गेल्याच वर्षी. हप्ते पाच-सहा भरले, मग थकले. मूळ पत्ता हळर्णचा. सध्याचा पत्ता मात्र दुसऱ्या जिल्ह्यातला, गल्लीसकट, घरमालकाच्या नावासकट. खाली फोन नंबर.

मी उठून उभी राहिले. मेलेल्या बाईने गेल्या वर्षी मशीन घेतले! म्हणजे तिचे आधार कार्ड कोणा भामट्याच्या हाती लागले आहे आणि तो तिच्या नावावर जगतो आहे. जिवंत माणसांची माहिती सुरक्षित नाही हे मी म्हणत होतेच. या देशात आता मेलेलेही सुरक्षित नाहीत! हे वाक्य सुचले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. सभा इथेच संपवायची. शेवटी भामट्याचा पत्ता मोठ्याने वाचायचा आणि पोलिसांना आव्हान द्यायचे. गावाचे नाव मी इथेही लिहीत नाही. ते पहिल्यांदा व्यासपीठावरच उच्चारीन.

सुमंगला मात्र खुर्चीत बसून कागदाकडे बघत होती. बराच वेळ. मग तिने त्या ओळीवर बोट ठेवले.

"बाई, ह्या मशीन पायाचा काय हाताचा?"

"ते लिहिलेले नसते."

"शिवणकाम चलत आसतला मां तिचा?"

"तिचा नाही गं, त्या चोराचा."

"होय," ती म्हणाली. आणि हसली. तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिले.


२ फेब्रुवारी

काजूला मोहोर आला आहे. दुपारी त्या वासाने डोळे मिटतात. आज आरामखुर्चीत झोप लागली आणि स्वप्न पडले. समुद्राच्या तळाशी एक बाई मशीन चालवत बसली होती. पायाचे मशीन. पाणी हिरवे, स्वच्छ. ती जे शिवत होती ते लांबच लांब निळे कापड लाटेसारखे वर येत होते आणि किनाऱ्यावर पसरत होते. मी वरून हाक मारली, "बाई, तुमचा पत्ता काय?" तिने मान वर केली नाही. पाय तेवढा थांबला.

जाग आली तेव्हा वहिनी शेजारी बसून काजूच्या बोंडाला मीठ लावत होती. "कोणाक हाक मारताली?" तिने विचारले. मी स्वप्न सांगितले. ऐकता ऐकता तिने एकाच बोंडाला तीनदा मीठ लावले.


११ फेब्रुवारी

हळर्णला जाऊन आले. पोलिसांत तक्रार करायची तर पहिलीचा मृत्यूचा दाखला लागेल.

नदीच्या अलीकडे, किल्ल्याच्या पडक्या तटाजवळ घर आहे. अंगणात खनिजाचा ट्रक उभा आहे. डिचोलीच्या खाणी बंद पडल्यापासून तो हललेला नाही. चाके मातीत रुतली आहेत, केबिनमधून घोसाळ्याचा वेल बाहेर आला आहे आणि त्याला पिवळी फुले आहेत. लाल धुळीने माखलेले ते धूड उन्हात झोपलेल्या हत्तीसारखे दिसत होते.

कृष्णनाथ स्वतः सामोरा आला. असा सभ्य माणूस हल्ली विरळा. आवाज मऊ, मान खाली. "बसात बाई. शाळो काडतंय." शहाळे सोलून, पुसून हातात दिले. सासू वारली आहे, घरात दोघेच.

दाखल्याचे विचारले तर म्हणाला, "दर्यात गेल्लेक खंयचो दाखलो, बाई?"

मग तुमच्या लग्नाच्या सह्या कशा झाल्या, असे विचारले. आमच्या गोव्यात लग्न कायद्याने लागते ते नोंदणी कार्यालयात. देवळातले वऱ्हाड हा नुसता उत्सव. तो म्हणाला, "सह्यो रवल्यो."

"राहिल्या म्हणजे?"

"रवल्यो." आणि हसला.

मी दोघांनाही समोर बसवून नोंदणीचे महत्त्व समजावून सांगितले. बाईचे सगळे हक्क त्या सहीत आहेत. सही नसेल तर उद्या ही उठून चालती झाली तरी तुम्ही हिला अडवू शकत नाही, असेही कृष्णनाथला बजावले. सुमंगला फार लक्ष देऊन ऐकत होती.

मग सुमंगला भांडी घेऊन आत गेली आणि मी त्याला भामट्याची गोष्ट सांगितली. कार्ड, मशीन, दुसऱ्या जिल्ह्यातला पत्ता. तो शहाळे सोललेली सुरी पुसत होता. हात थांबला.

"खंय?" त्याने अगदी हळू विचारले.

"ते पंधरा मार्चला, सभेत!" मी म्हटले. "तुम्ही पहिल्या रांगेत बसा."

"येतंय," तो म्हणाला. स्वयंपाकघरात काहीतरी पडून फुटले.

परत येताना वाटले, नवरा असा पाठीशी उभा राहिला तर बाई काय नाही करू शकत!


२२ फेब्रुवारी

सुमंगलाचा उजवा हात फडक्यात बांधलेला. अंगणात पाय घसरला म्हणाली. हल्ली ती फार पडते. मी तिला नाचणी खायला सांगितली आणि कॅल्शियमच्या गोळ्यांचे नाव लिहून दिले.

"बाई, माझ्यावांगडा केरीक येशात?" असे ती म्हणाली, म्हणून गेले. सुरूच्या बनातून वारा सारखा कोणाला तरी गप्प बस म्हणत होता. तेरेखोलची फेरीबोट रिकामीच पलीकडे गेली. भरती-ओहोटीच्या मधली ती वेळ होती, पाणी कुठेच जात नव्हते. तिने मला तो खडक दाखवला.

"हय ठेवली होती चपला. जोडून, सरळ. देवळाभायर ठेवतत तशी."

मी वाकून खडक पाहिला. ती पुढे म्हणाली, "घरात तिचा फडताळ आसा, बाई. सगळा थंयच आसा. साडये, बांगडये, कुंकवाचो करंडो. कार्ड तेवढा नाय."

"मी म्हणत होते ना! कार्ड चोरीला गेले."

तिने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेचे मला काय करावे कळेना. वर्गात एखादी मुलगी उत्तर माहीत असून हात वर करत नाही, तशी नजर.

"बाई," ती म्हणाली, "दर्यात जीव दिवक जाताना कोण कार्ड घेवन जाता?"

"तेच तर! म्हणूनच ते चोराने घरातून नेले असणार. घरात कोण कोण येत असे त्याची यादी करायला हवी."

ती उठली आणि घोटाभर पाण्यात जाऊन उभी राहिली. दोन्ही चपला हातात धरून.


६ मार्च

पत्रके छापून आली. "मेलेल्या बाईच्या नावे कर्ज! सत्य ऐका विमलाबाईंच्या तोंडून." जरा भडक झाले आहे, पण बाजारात चर्चा आहे. पोदेरानेसुद्धा विचारले, "बाई, खंयची गो ती मेल्ली?"

भाषण पाठ झाले. शेवटचे वाक्य म्हणजे पत्ता. आज न्हाणीघरात म्हणून पाहिले. काय घुमते!


१३ मार्च

माझा विश्वासघात झाला आहे.

सुमंगला भर दुपारी आली, चालत आल्यासारखी घामाने भिजलेली. म्हणाली, तक्रार मागे घ्या.

"का?"

"तां कर्ज माझाच, बाई. मीच घेतलंलंय."

मला प्रथम कळेचना. "तू तर म्हणालीस बँकेची पायरी चढले नाही."

"मशीनीक बँकेत जावचा लागत नाय. एजंट घराक येता."

"मग मशीन कुठे आहे?"

"मोडला."

"आणि तो दुसऱ्या जिल्ह्यातला पत्ता?"

"खोटो. मीच दिलंय खोटो. बाई, सभेत तो वाचू नकात. माझी शपथ आसा."

"आणि नोकरी?"

"नाय मेळली तर नाय." तिने दाराकडे पाहिले. "खोलीय नको."

मी तिला खोटारडी म्हटले. हे शब्द मी तोंडावर म्हटले आणि मागे घेणार नाही. तिने माझ्यावर विसंबून राहायला हवे होते. तिच्यासाठी मी दोन महिने यंत्राशी लढले, पत्रके छापली, आणि ती म्हणते सगळे खोटे! तिने माझ्या पायांना हात लावला आणि गेली. एका हातात बांगड्या होत्या, दुसऱ्या हातात एकही नव्हती.

मंचाच्या मंडळींना निरोप पाठवला की तो विषय आता नाही. वहिनीने जेवताना सगळे ऐकून घेतले. शेवटी बशी उचलताना म्हणाली, "विमल, तू वाचतां खूप."


१४ मार्च

रात्र बरीच झाली आहे, तरी लिहिते. लिहिल्याशिवाय मला काही कळत नाही, हे आता मला कळले आहे.

संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी कृष्णनाथ आला. दारात वाकून नमस्कार केला. मेजावर अहवाल होता, त्यावर माझा चष्मा.

"बाई, फाल्यां त्या विषयाचेर बोलना नात म्हणान आयकलां."

"नाही बोलणार."

"जावं दी. बरां केलात. मगे तो कागद माका दियात."

"तो सुमंगलाचा आहे."

"आनी सुमंगला कोणाची?" तो हसला.

मी तिच्यावर रागावलेली होते. कागद देऊन टाकावा आणि हे लचांड संपवावे असेही मनात येऊन गेले होते. पण तोंडातून जे निघाले ते आयुष्यभर बोलत आलेले होते. "अहवाल तिच्या नावाचा आहे. तिने लेखी दिल्याशिवाय मी तो तिच्या नवऱ्यालाच काय, देवालाही दाखवणार नाही. माहितीच्या बाबतीत नवरा हा तिऱ्हाईतच."

"बायलेचो कागद घोवापासून लिपयतात?"

"लपवत नाही. जपते."

मेजावरच्या कापडाला एक चुणी पडली होती. ती तो तळहाताने सरळ करू लागला. हळूहळू, पुन्हा पुन्हा. चुणी गेली तरी हात फिरत राहिला.

"कागद नाका," तो म्हणाला. आवाज तसाच मऊ. "इतकांच सांगात. ती खंय आसा?"

"कोण?"

"मशीन घेतलां ती."

इतक्या दिवसांत ज्याला ज्याला मी ही गोष्ट सांगितली त्या प्रत्येकाने विचारले, चोर कोण? हा एकटाच विचारत होता, ती कुठे आहे?

"इतकी वर्सां सोदतंय, बाई. एकदा मेळूं दी." मग तो मान वर करून हसला. "तुमी सांगना नात तर दुसरो कोण काडून दितलो. पैशे घातले की आतां सगळा मेळता. तुमीच तर सांगलात."

वहिनी आतून झाडू घेऊन आली आणि त्याच्या पायांखालचे झाडू लागली, भर संध्याकाळी. तो उठून गेला.

मी चष्मा घालून अहवाल हातात घेतला. मला समुद्राच्या तळाशी बसलेली बाई दिसत होती. पाणी ओसरत गेले आणि ती एका खोलीत, खिडकीशी, जिवंत. नाचणी. कॅल्शियमच्या गोळ्या. नाचणी! ती खोटारडी बाई आपल्या अंगावर कर्ज, डाग, सगळे घेऊन एका न पाहिलेल्या बाईच्या दारापुढे आडवी उभी राहिली होती, आणि मी उद्या भोंग्यावरून त्या दाराचा पत्ता सांगणार होते. गल्लीसकट. टाळ्यांसाठी.

"तुला कधी कळले?" मी वहिनीला विचारले.

"पयल्याच दिसा. रवाक खोली मागताली ती बायल."

"मग सांगितले का नाहीस?"

"तू आयकतली?"


१५ मार्च

सभागृह भरले होते. पत्रकांनी काम केले होते. विषय बदलल्याचा निरोप कोणापर्यंत पोचला नव्हता किंवा कोणाला पोचायला नको होता. कृष्णनाथ पहिल्या रांगेत, फोन उभा धरून. सुमंगला सर्वांत मागे, खांबाला टेकून.

मी उभी राहिले. पंखे फिरत होते, आणि समोरचे चेहरे पाण्याखालचे असावेत तसे हलत होते. व्यासपीठावर मी कधी खोटे बोललेले नाही. वडिलांनी लहानपणी खांद्यावर बसवून मला मुक्तीनंतरच्या सभांना नेले होते, तेव्हापासून ही जागा मी देवळासारखी मानत आले.

मी म्हटले, "मेलेल्या बाईच्या कर्जाची गोष्ट ऐकायला तुम्ही आलात. ती गोष्ट खोटी आहे. चूक माझी. मी त्या पत्त्यावर स्वतः जाऊन आले."

कृष्णनाथचा फोन थोडा खाली आला.

"तिथे सुमंगला नावाची बाई आहे. पासष्टीची. तिच्या नवऱ्याचे नाव कृष्णनाथच. तो घरातच होता. त्याला एका कानाने ऐकू येत नाही. त्याने मला चहा दिला, साखर फार घातली. मशीन त्यांच्या सुनेचे. नावाला नाव लागले आणि यंत्र चुकले, आणि यंत्रापाठोपाठ मी. मेलेली बाई मेलेलीच आहे. तिला शांती लाभो."

मग मागून कोणीतरी, "मगे आमकां हांगा कित्याक आपयले?"

"चाय पिवपाक!" दुसरा ओरडला. "साखर चड घातल्ली!"

हसण्याचा लोट आला. मी पुढे वजनमापांवर बोलले. लोक उठून जाऊ लागले. मंचाचे खजिनदार जाताना पुटपुटले, "बाईंचे आता वय झाले." ते मला ऐकू यावे एवढ्या मोठ्याने पुटपुटले.

कृष्णनाथ बराच वेळ माझ्याकडे बघत होता. मीही बघत होते. मी इतकी वर्षे बोलत आले, पण खोटे पापणी न हलवता कसे बोलावे हे त्या एका क्षणात शिकले. शेवटी त्याने फोन खिशात टाकला, खुर्ची सरकवली आणि बाहेर जाऊन विडी पेटवली.

मागच्या खांबाजवळ सुमंगला तोंडाला पदर लावून उभी होती. हसत होती की रडत होती, माझ्या चष्म्यातून दिसले नाही.


१८ मार्च

अहवाल चुलीत घातला. संगणकातूनही काढला. पण तो त्या थंडगार खोलीत आहेच. तिचा फोन ज्याच्या हाती, त्याच्या हाती तो कधीही येईल.

सुमंगला बाजाराच्या निमित्ताने आली. मी तिची क्षमा मागायला तोंड उघडले. तिने हात वर करून मला थांबवले आणि विचारले, आता काय करायचे? मी लेखी तक्रार काढली. पूर्वी नऊ पानांची लिहून ठेवली होती, पोलिसांना, मंत्र्यांना, वृत्तपत्रांना; दाखल्याअभावी ती पाठवायची राहिली होती. आता फक्त अहवाल काढणाऱ्या कंपनीला, एकच ओळ. हे कर्ज माझे नाही, माझा फोटो आणि ठसा ताडून पाहावा. कोणाचे आहे, कुठे आहे, का आहे, काही नाही. पत्रव्यवहारासाठी वहिनीचा फोन. वहिनीला तो उचलता येत नाही, हा आणखी एक फायदा.

"येवडाच?" सुमंगलाने विचारले.

"एवढेच. सुरुवातीलाच एवढेच करायचे होते."


२३ एप्रिल

आंबोलीकडून ढग आले आणि तसेच गेले. सगळीकडे हुर्राकाचा, काजूच्या पहिल्या धारेच्या दारूचा, वास. अशा दिवसांत पेडणे जमिनीपासून वीतभर वर तरंगते असे मला नेहमी वाटते.

सुमंगला सकाळीच आली, हातात कापडी पिशवी. नवा अहवाल आला आहे. अर्धे पान. नाव, जन्मतारीख, आणि खाली सगळे रिकामे. मशीन नाही, गल्ली नाही, घरमालक नाही. यंत्राने दोघींना पुन्हा वेगळे केले. आमच्या तिघींपैकी कोणीही पहिलीविषयी बोलले नाही. वहिनीने चहा केला.

रिसॉर्टवाल्यांनी नव्याने अर्ज मागवला आहे. खोली जूनपासून मिळेल. ती मेजाशी बसून एकेक रकाना भरत होती. मग पेन थांबले.

"बाई, हय पत्तो विचारतत. हळर्णचो घालूक नाय आता."

"मग?"

ती पिशवीकडे बघू लागली. पिशवी बाजाराची नव्हती, हे मला तेव्हा दिसले. तिच्या तोंडाशी साडीचा काठ होता.

"तुमचो घालू?"

मी उत्तर देण्याआधी आतून वहिनी ओरडली, "घाल गो! खाट कालच झाडल्या हांवें. आनी तो आयलो तर येवं दी, झाडू म्हजेच हातांत आसता!"

मी सुमंगलाशेजारी खुर्ची ओढून बसले. घर क्रमांक, वाडा, पेडणे, पिन कोड. एकेक शब्द सांगत गेले आणि ती लिहीत गेली. मी इतक्या हळू आवाजात आजवर कधी बोलले नसेन. जनेलाबाहेरच्या माणसालाही ऐकू गेले नसते.